हौगांगला राहणारा हिपाचा गोलकीपर

विमानतळावर निरोप देताना इतरांचे बाबा "पोचलीस की फोन कर" असं म्हणतात. माझे बाबा म्हणाले, "त्या उद्याला नीट विचार, खेळला होता की नाही. आणि पुरावा आण."

उद्या म्हणजे माझा उदयकाका, बाबांचा धाकटा भाऊ. तो सिंगापूरला असतो. तिथे जाण्याआधी, अगदी तरुण असताना, कंपनीने त्याला फिनलंडमधल्या हिर्विलाम्पी नावाच्या गावी पाठवलं होतं. तिथल्या कागदाच्या गिरणीत संगणक बसवायचे होते. तो परत आला तो एक गोष्ट घेऊनच. गोष्ट अशी की तिथल्या फुटबॉल क्लबकडून काका गोलकीपर म्हणून खेळला आणि त्याने पेनल्टी अडवली. ही गोष्ट त्याने आत्याच्या लग्नात सांगितली, माझ्या भावाच्या मुंजीत सांगितली आणि आजोबांच्या पंच्याहत्तरीला तर माइकवरून सांगितली. दर वेळी त्या चेंडूचा वेग थोडा वाढलेला असतो. बाबांचं मत वेगळं आहे. "मैदानावर होता, एवढं मी मान्य करतो," ते म्हणतात. "मफलर गुंडाळून, बाकावर."

माझ्या सुट्टीचा आणि या भांडणाचा एरवी काही संबंध आला नसता. पण मी तिकीट काढल्यावर काकाचा फोन आला. हिर्विलाम्पीच्या क्लबचा इतिहास लिहिणारे गृहस्थ मुलीला भेटायला सिंगापूरला येत होते, आणि त्यांना काकालाही भेटायचं होतं. "मनू, बरं झालं तू येत्येस," काका म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर माणसं बोलतात, तसा तो बोलत होता.

मी कमी बोलते. विमानात माझी जागा खिडकीशी होती आणि शेजारचे गृहस्थ मुंबई सुटायच्या आत झोपले, त्यामुळे बाथरूमला जाण्याचा प्रश्न मी सिंगापूरपर्यंत पुढे ढकलला. तेवढ्या काळात खिडकीबाहेर बघण्यावाचून दुसरं काही नव्हतं. पहाटे खाली समुद्र दिसायला लागला आणि त्यावर जहाजंच जहाजं. कुणी पोराने खेळणी मांडली आणि आईने हाक मारली म्हणून तशीच टाकून गेला, तशी ती स्तब्ध होती. मग हिरवळ, मग उंच इमारतींचे सरळ गठ्ठे.

सिंगापूर मला पहिल्या काही मिनिटांतच आवडलं, कारण पासपोर्ट मशीनला दाखवायचा होता. मशीन "कशाला आलात, कुणाकडे उतरणार" असं काही विचारत नाही. बाहेर आले तर दाराशी काका. अंगात बिनबाह्यांचा टीशर्ट, खाली अर्धी चड्डी आणि गळ्यात निळापांढरा लोकरी मफलर. बाहेरची हवा अशी होती की कुकरचं झाकण नुकतंच काढलंय. काकाच्या कपाळावरून घाम ओघळून मफलरमध्ये जिरत होता. त्याच्यापासून बरीच लांब, खांबाआड, माझी चुलतबहीण सई उभी होती. ती पंधरा वर्षांची आहे.

"तू तिकडे का उभी?" मी विचारलं.

"मी त्यांना ओळखत नाही," सई म्हणाली. "प्लीज ला, ताई. एव्हरीबडी लुकिंग."

"हिपाचा मफलर आहे हा," काका म्हणाला. क्लबचं पूर्ण नाव माझ्याच्याने उच्चारवत नाही. काकाही ते घाईत म्हणताना मध्येच सोडून देतो. सगळे हिपा म्हणतात. "सवय करतोय. ते आल्यावर घालायचाय ना."

काकाचं घर हौगांगला आहे. एमआरटी (इथली मेट्रो) बदलून बदलून आम्ही गेलो. डब्यात इतकी शांतता होती की काकाने कुजबुजत विचारलेला "दादा काही म्हणाला का?" हा प्रश्न समोरच्या रांगेनेही ऐकला असेल. मी म्हणाले, "पुरावा आण म्हणाले." काका मफलर काढून मांडीवर ठेवून बसला.

हौगांगमध्ये सगळ्या इमारती एकसारख्या, आणि त्या चुकू नयेत म्हणून भिंतीवर दोन-दोन मजले उंच आकडे रंगवलेले. खिडक्यांतून बांबू बाहेर काढून त्यांवर कपडे वाळत घातलेले, म्हणजे रस्त्यावरून चालताना अख्ख्या बिल्डिंगचे शर्ट आपल्याकडे बोट दाखवतात असं वाटतं. तळमजल्यावर घरं नसतात. तिथे व्हॉइड डेक (इमारतीखालची छताखालची मोकळी जागा) असतो. आम्ही गेलो तेव्हा तिथे दोन आजोबा पट खेळत होते आणि चार आजोबा त्यांच्या चुका काढत होते. मला एकदम पुण्यात असल्यासारखं वाटलं.

मेधाकाकू बँकेच्या हिशेबखात्यात आहे. ती सकाळी लवकर निघते. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा ती गेलेली होती, आणि टेबलावर काकासाठी थर्मासमध्ये चहा भरून ठेवलेला होता. शेजारी कप पालथा घातलेला. काका आज घरून काम करणार होता.

"साखर कमी वाटते का गं?" एक घोट घेऊन त्याने मला विचारलं.

"घालू का?"

"घाल. पण ती असते कुठे, ते मला माहीत नाही."

या घरात तो कित्येक वर्षं राहतोय. साखर त्याच्या पाठीमागच्या फळीवर, काचेच्या बरणीत, त्याच्या डोक्याच्या बरोबर उंचीवर होती.

त्या दुपारी आम्ही हॉकर सेंटरला जेवायला गेलो. एका मोठ्या छपराखाली खाण्याची शेकडो दुकानं, मधे टेबलं आणि सगळीकडे वाफ. काका रांगेत उभा राहिला आणि मला म्हणाला, "तू जागा पकड." गर्दी खूप होती. एक टेबल मात्र चक्क रिकामं, आणि त्यावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट. काय व्यवस्था आहे, असं मनात म्हणून मी बसले, पाकीट उघडलं आणि घाम पुसला. दुसऱ्या कागदाने मानही पुसली.

"गर्ल आह," मागून आवाज आला. तबक घेऊन एक चिनी आजी उभी होती. "धिस वन माय टेबल."

मी उठले. ती माझ्या हातातल्या रुमालाकडे बघत म्हणाली, "अँड धिस वन माय टिश्यू."

इथे टेबल चोप करतात (म्हणजे आधी काहीतरी ठेवून जागा धरतात), आणि त्यासाठी कागदी रुमालांचं पाकीट सर्वमान्य आहे. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून हातरुमाल टाकतात तसंच, फक्त इथे तो कुणी उचलत नाही. मी उचलला होता. माझ्या तोंडून सॉरीसुद्धा निघेना. आजीने मला एकदा नीट न्याहाळलं, आणखी एक कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सिट, सिट. सो थिन." काका नूडल्स घेऊन आला तेव्हा मी आजीच्या टेबलावर आजीच्या शेजारी बसले होते आणि आजी मला माशाचे गोळे भरवण्याच्या बेतात होती.

जेवणानंतर काकाने तेह हालिया (आल्याचा दुधाळ चहा) आणला. एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"आलं नंतर टाकलंय," तो म्हणाला. "आलं आधी ठेचून पाण्यात उकळायचं असतं. दूध शेवटी. वेलदोडा गॅस बंद केल्यावर, नाहीतर वास उडून जातो."

"तुला कसं माहीत?"

काकाने कप खाली ठेवला. "असंच," तो म्हणाला. "वाचलं होतं कुठेतरी." आणि लगेच पेनल्टीची गोष्ट सुरू केली. ती ऐकताना मी चहाचं विसरून गेले.

गोष्ट आता अशी झाली होती. फिनलंडमध्ये ऑक्टोबर आला की एल्कच्या (घोड्याएवढ्या, मोठ्या शिंगांच्या हरणाच्या) शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि अर्धं गाव बंदुका घेऊन जंगलात जातं. हिपाचा गोलकीपरही गेला. शनिवारी सामना. गिरणीतल्या कुणीतरी काकाला विचारलं, "तुझ्या देशात तू काही अडवायचास का?" काका कॉलेजात विकेटकीपर होता. तो "हो" म्हणाला. आणि मग ती पेनल्टी. समोर सहा फुटी राक्षस, चेंडू तोफेसारखा, आणि काका चित्त्यासारखा डावीकडे.

"मागच्या वेळी उजवीकडे होतं," मी म्हणाले.

"माझी डावी. बघणाऱ्याची उजवी." मग तो जरा थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मनू, ते गृहस्थ सगळं पुस्तकात छापणार. ते एकदा छापलं की मग तेच खरं. मी ऑफिसात सांगितलंय, सईच्या शाळेत सांगितलंय, दादाला तर... मी काही त्यांना विचारणार नाही. तू विचार. तू पाहुणी, तुला कुणी काही म्हणणार नाही."

अनोळखी आजीला सॉरी न म्हणता आलेल्या मुलीकडे त्याने हे काम सोपवलं.

शनिवारी पेन्ट्टी, म्हणजे ते इतिहासकार, जेवायला यायचे होते. शुक्रवारी काकू आणि मी लिटिल इंडियाला खरेदीला गेलो. काकाचं म्हणणं होतं की त्यांचा रीतसर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. एकदा सत्कार केला की माणूस आपल्याबद्दल वाईट लिहीत नाही, हा त्याचा महाराष्ट्र मंडळातला अनुभव होता. आम्ही मोगऱ्याच्या आणि कढीपत्त्याच्या वासातून, सोन्याच्या दुकानांसमोरून, एका वाण्याकडे गेलो. त्याने विचारलं, "नारळ पूजेला, की स्वयंपाकाला?"

"फुटबॉलला," काकू थकून म्हणाली.

परतीच्या बसमध्ये नारळ माझ्या मांडीवर होता आणि अळूची पानं तिच्या. "उद्या अळूवडी, मसालेभात, श्रीखंड," ती म्हणाली. "सगळं मीच. याने लग्नाआधीच सांगून टाकलं होतं, मला गॅसची भीती वाटते म्हणून. मी म्हटलं, असते एकेकाला. इथे आल्यावर विजेची शेगडी घेतली. तर म्हणाला, विजेचीपण वाटते."

"चहासुद्धा नाही करत?"

"एकदा मला ताप होता तेव्हा खालून विकत आणला. माझ्यासाठीपण आणला, हे विशेष." ती हसली, पण पानं जरा जोरात सारखी केली. "सकाळचा चहा कुणीतरी आपल्या हातात आणून द्यावा, एवढंच गं. असू दे."

शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. खाली व्हॉइड डेकच्या कडेला एक उंच, पांढऱ्या केसांचे, गुलाबी पडलेले गृहस्थ उभे होते. ते घड्याळ बघायचे, चार पावलं जायचे, परत यायचे. मला पाहताक्षणी कळलं. ते लवकर आले होते आणि वेळ होईपर्यंत बेल वाजवणार नव्हते. मीही दर वेळी हेच करते. कुणाच्या तरी इमारतीखाली मी आयुष्याचा बराच भाग काढलेला आहे.

"काका, ते आलेत. खाली उभे आहेत."

"का? रागावलेत?" काकाने मफलर चढवला.

ठरल्या वेळी बेल वाजली. दार उघडताच काकाने शाल पांघरली, काकूने पुष्पगुच्छ दिला, मी नारळ दिला आणि सईने, घरातल्या कुणालाही न ओळखण्याच्या चेहऱ्याने, फोटो काढला. पेन्ट्टी म्हणाले, "थँक यू." मग ते शाल पांघरून, नारळ मांडीवर दोन्ही हातांनी धरून, सोफ्यावर बसले. आणि गप्प राहिले.

मराठी घरात पाहुणा गप्प बसला की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. काकाने हवेबद्दल विचारलं. पेन्ट्टी म्हणाले, "वॉर्म." काकाने प्रवासाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "लाँग." मग पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मला त्या शांततेत काहीच खटकलं नाही. उलट इतका आरामात बसलेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. पण काकूने मला आत ओढलं.

"शालीचा रंग आवडला नाही का?"

"मेबी बॅटरी फ्लॅट ला," सई म्हणाली.

"आधी वाढूया," काकू म्हणाली. "पोटात गेलं की बोलतील."

इथे खरा घोटाळा झाला. पेन्ट्टींच्या घरी, हे मला नंतर कळलं, ताटात काही उरलं तर यजमानाचा अपमान होतो, आणि आमच्या घरी ताट रिकामं दिसलं तर यजमानाचा अपमान होतो. त्यांनी अळूवडी संपवली, काकूने वाढली. त्यांनी ती संपवली, काकूने परत वाढली. मसालेभाताचा डोंगर सपाट झाला, लगेच दुसरा उभा राहिला. "लाजतायत बिचारे," काकू खुशीत म्हणाली. पेन्ट्टींचा चेहरा आधी गुलाबी होता, आता जास्वंदीसारखा झाला होता. ते हळूहळू, पद्धतशीरपणे, एखादं सरकारी काम उरकावं तसे खात होते. मानेवर घाम, खांद्यावर शाल. श्रीखंडाची तिसरी वाटी आली तेव्हा त्यांनी एकदा डोळे मिटले.

बोलायला हवं होतं आणि ते मलाच कळत होतं. काकू पोळ्या आणायला वळली तेव्हा मी पुढे वाकून पटकन इंग्रजीत म्हणाले, "ताटात थोडं ठेवा. तोवर ती थांबणार नाही."

पेन्ट्टींनी माझ्याकडे पाहिलं. बुडणाऱ्या माणसाकडे कुणी दोर टाकल्यावर तो असाच बघत असेल. "इज इट अलाउड?" त्यांनी विचारलं.

"इट इज नेसेसरी," मी म्हणाले.

त्यांनी अर्धी अळूवडी ताटात ठेवली आणि हात मागे घेतले. काकू आली, तिने अळूवडीकडे पाहिलं, उलथनं खाली ठेवलं. युद्ध संपलं. "एवढी राहिली," ती जरा खट्टू होऊन मला म्हणाली. "तिखट झाली असेल."

जेवणानंतर परत सोफा. पेन्ट्टींनी नारळ परत मांडीवर घेतला. काकूने विचारलं, "यांना चहा चालतो का विचारू?"

"नको!" काका इतक्या जोरात म्हणाला की सईने फोनमधून मान वर केली. "तिकडे चहा कुणी पीत नाही. कॉफी. फक्त कॉफी." आणि त्याने मला कोपर मारलं. म्हणजे आता विचार.

मी घसा साफ केला. ताटाच्या प्रसंगानंतर पेन्ट्टी आणि मी, काय म्हणू, एका बाजूचे झालो होतो. त्यामुळे जमलं. "माझा काका तुमच्या क्लबकडून गोलकीपर म्हणून खेळला होता का?"

पेन्ट्टींनी विचार केला. मग मांडीवरचा नारळ उचलला आणि काहीही न बोलता, खालून, अगदी हळुवार, समोर बसलेल्या काकाकडे टाकला.

काकाने दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि बाजूला उडी मारली. नारळ त्याच्या रिकाम्या जागेवरून टप्पा खाऊन फरशीवर पडला आणि दोन शकलं झाली.

"येस," पेन्ट्टी म्हणाले. "धिस इज द मॅन."

सई हसता हसता सोफ्यावरून घसरली. काकू फडकं आणायला धावली. आणि पेन्ट्टी बोलायला लागले. ती संध्याकाळ संपेपर्यंत ते बोलले त्यातलं मला आठवतं ते लिहिते, मराठीत.

हिपाचं मैदान तळ्याच्या काठावर आहे आणि ते तळ्याकडे उतरतं. लाकडाच्या वखारीतल्या कामगारांनी क्लब काढला तेव्हा गावात सपाट जागा एकच होती आणि ती दफनभूमीला दिलेली होती. त्यामुळे चेंडू सारखा तळ्यात जातो. तो आणायला क्लबची स्वतःची होडी आहे, आणि होडीवाला सामना चालू असताना पाण्यातच थांबतो. हिपाचे खेळाडू येतात आणि जातात, होडीवाला मात्र मरेपर्यंत राहतो. "बरीच वर्षं मीच होतो," पेन्ट्टी म्हणाले. "तो सामना मी होडीतून बघितला. तुमचा गोल माझ्या बाजूला होता."

काका सावरून बसला. "पेनल्टी?" त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"पेनल्टी अडवली. ते खरं आहे."

"ऐकलंस?" काका मला म्हणाला. "दादाला फोन लाव!"

"पाठीने," पेन्ट्टी पुढे म्हणाले. "मफलर सुटला म्हणून हा वळून खाली वाकला होता. चेंडू पाठीवर बसला. आमच्या क्लबच्या इतिहासात तशी पेनल्टी दुसऱ्या कुणी अडवलेली नाही."

"आणि गोल किती झाले?" सईने विचारलं.

पेन्ट्टींनी खांद्यावरची शाल सारखी केली. "पुस्तकात आम्ही 'काही' असं लिहिलंय," ते म्हणाले.

काकाचा चेहरा मात्र उजळला होता. काही का असेना, खेळला होता. पुस्तकात नाव होतं. तो उठलाच, "चला, उशीर झाला असेल तुम्हाला, मी बसपर्यंत येतो" म्हणायला लागला. इतकी घाई का, ते मला कळेना.

"पण मी गोलांसाठी आलेलो नाही," पेन्ट्टी म्हणाले. "खेळाडूंच्या पानावर त्याची एकच ओळ आहे. मी टपरीसाठी आलोय. चहासाठी."

काका बसला.

हिपाच्या मैदानावर एक टपरी आहे. कॉफी आणि भाजलेले सॉसेज. ती चालते तालकूतवर (गावाने मिळून, पैसे न घेता, पाळीपाळीने केलेलं काम). त्या सामन्यानंतर काकाला कुणी गोलात उभं केलं नाही, पण सभासद म्हटल्यावर टपरीची पाळी चुकत नाही. काकाची पाळी आली त्या शनिवारी बर्फमिश्रित पाऊस होता आणि कॉफीचं मशीन बंद पडलं. काकाने सॉसेज उकळायचं मोठं पातेलं घासलं. पुण्याहून नेलेलं सुंठ-वेलदोड्याचं सामान खोलीवरून आणलं. दूध घातलं. "पहिला कप मला होडीत आणून दिला," पेन्ट्टी म्हणाले. "मी वीस वर्षं त्या पाण्यात गारठत होतो. कुणी कधी काही आणलं नव्हतं."

पुढच्या शनिवारी काका पुन्हा उभा राहिला, आणि त्याच्या पुढच्याही. परत जाईपर्यंत दर शनिवारी. त्या मोसमात हिपा एकही सामना जिंकला नाही आणि तरी प्रेक्षक वाढत गेले. काका गेल्यावर लोकांनी ते बनवणं चालू ठेवलं. पेन्ट्टींनी फोनवर फोटो दाखवला. लाकडी टपरी, बाहेर रांग, आणि वर खडूने लिहिलेली पाटी. पाटीवर कॉफीच्या वर, सॉसेजच्याही वर, लिहिलं होतं: उदयचा चहा. म्हणजे लिहिलं होतं त्यांच्या भाषेत, पण उदय हे नाव मला वाचता आलं. काकूलाही आलं.

"दर शनिवारी," काकू म्हणाली.

"मेधा, ऐक."

"पातेलंभर."

"अगं, तिथे थंडी फार होती."

"गॅसवर केलास?" काकूने विचारलं. ती इतकी शांत होती की पेन्ट्टी तिच्याकडे आदराने बघायला लागले.

काका माझ्याकडे बघून म्हणाला, "लग्न ठरलं तेव्हा दादानेच सांगितलं, चहा करता येतो हे बायकोला कळू देऊ नकोस, एकदा कळलं की जन्माचं गळ्यात पडतं. मला चहा शिकवला पण त्यानेच, हॉस्टेलवर. तो तर माझ्याहून चांगला करतो!"

म्हणजे गोल, पाठ, बाबा, पुरावा यांतल्या कशालाच काका घाबरत नव्हता. तो या पाटीला घाबरत होता. "ते टपरीचं गाळता येईल का?" त्याने पेन्ट्टींना शेवटचं विचारलं.

"इतिहास आहे," पेन्ट्टी म्हणाले.

काकूने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. काका उठला. मफलर गळ्यात, हातात नारळाचं शकल, कारण ते कुठे ठेवायचं हे त्याला सुचलं नसावं. आतून आलं ठेचल्याचा आवाज आला. त्या आवाजात सराव होता. साखरेची बरणी कुठे आहे, हे त्याने कुणाला विचारलं नाही.

चहा आला. पेन्ट्टींनी घोट घेतला. "आमच्याकडे आता जास्त उकळतात," ते म्हणाले. "हा बरोबर आहे." काकूनेही घोट घेतला. काका बघत राहिला. ती खिडकीबाहेर, समोरच्या बिल्डिंगच्या दिव्यांकडे बघत कप संपेपर्यंत गप्प होती. पेनल्टीच्या वेळीसुद्धा काकाची अशी अवस्था झाली नसेल.

"उद्यापासून सकाळचा तू," ती म्हणाली. "मला साखर कमी."

निघताना पेन्ट्टी दारात माझ्यापाशी थांबले. काहीतरी म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले नाहीत. मीही नाही. आम्ही दोघांनी एकदा मान हलवली आणि लिफ्ट आली. या प्रवासात माझं कुणाशी सगळ्यात चांगलं संभाषण झालं असेल, तर ते हेच.

त्यानंतरचे दिवस मी बेडोकच्या बाजारात फिरले, समुद्रकिनाऱ्यावर गेले, स्वतःचं टिश्यूचं पाकीट ठेवून एकटीने टेबल चोप केलं आणि त्याचा फोटो सईला पाठवला. पण जाग आल्यावर आधी आल्याचा वास यायचा. काकू ऑफिसचे कपडे घालून टेबलाशी बसलेली असायची, पाय दुसऱ्या खुर्चीवर, आणि म्हणायची, "आज जरा पातळ झालाय." तक्रार करायला मिळाल्यामुळे ती भलतीच खूश दिसायची. निघायच्या दिवशी काकाने मफलर माझ्या बॅगेत कोंबला. "दादाला पुरावा," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "आणि ते दुसरं सांगू नकोस हं त्याच्या घरी."

परतीच्या विमानात शेजारी झोपलेल्या बाईंना मी हलवून उठवलं आणि बाथरूमला गेले. जग कोसळलं नाही. मला नेहमी वाटायचं की न बोलणाऱ्या माणसाकडे काहीतरी कमी असतं. आता वाटतं, असेलही. पण आमच्या घरात तर जे सगळ्यात जास्त बोलतात त्यांनीच सगळ्यात जास्त लपवून ठेवलेलं निघालं.

पुण्याला घरी पोचले तेव्हा बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. आई आत कप विसळत होती. "काय मग?" बाबांनी पेपर खाली केला. "आमचे गोलकीपर काय म्हणतात? खेळला होता का?"

"खेळला होता," मी म्हणाले आणि मफलर त्यांच्या हातात दिला. "पेनल्टीपण अडवली. पाठीने. पण पुस्तकात त्याचं नाव गाजणार ते चहासाठी."

"चहा?" आई हात पुसत बाहेर आली. "उदयभाऊजींना चहा येतो?"

"उत्तम येतो." बाबांनी पेपर वर घेतला. तो उलटा होता. मी आईकडे बघून म्हणाले, "शिकवणाऱ्याला त्याच्याहून चांगला येतो म्हणे."

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग, कितीतरी वेळ, त्या उलट्या पेपराकडे. तिने आतून चहाचं आधण ठेवायचं पातेलं आणून बाबांसमोरच्या टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि पाय वर घेऊन बसली.